सरकारवरील श्रद्धा आणि आपली मुले

(नवदीक्षित कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकिलाने केलेले भाषण)



आज मी धम्मावर बोलावे अशी मेळाव्याच्या चालकांची इच्छा होती. परंतु धम्मावर बोलण्याचा अधिकार भन्तेजींचा आहे. मी काळा कोट घालून उपजीविका करणारा माणूस आहे. म्हणून ज्या कामात माझे आयुष्य गेले त्याच कामासंबंधी बोलण्याची परवानगी मी मागून घेतली. विषय मात्र मला माझ्या बुद्धीने सुचलेला नाही. तो नऊ वर्षांच्या एका मुलीने मला दिला.

गेल्या अशोक विजयादशमीस ज्या कुटुंबांनी दीक्षा घेतली त्यांतील एक भगिनी पंधरा दिवसांपूर्वी मजकडे आल्या. मुलीच्या शाळेच्या दफ्तरात धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' अशी नोंद व्हावी यासाठी त्या मुख्याध्यापकांना भेटावयास गेल्या होत्या. त्यांना उत्तर मिळाले की, एकदा लिहिले ते लिहिले, असले बदल येथे होत नाहीत. बाईंनी ते उत्तर लेखी मागितले, तेव्हा लेखी देण्याचीही पद्धत नाही असे सांगण्यात आले. मुलगी दाराशी उभी राहून हे सर्व ऐकत होती. घरी जाताना तिने विचारले, "आई, सर सरकारचेच आहेत ना? मग आपण जे आहोत ते लिहायला नाही कां म्हणतात?"

शाळेच्या नोंदीसंबंधी काय करावयाचे ते मी त्या भगिनीस सांगितले. ते सोपे होते. परंतु उठता उठता त्यांनी मला जो प्रश्न घातला त्याचे उत्तर माझ्या कोणत्याही पुस्तकात नव्हते. त्या म्हणाल्या, "भाऊ, पोरीला मी काय सांगू? सरकार आपलं आहे म्हणून सांगितलं तर उद्या ती फसेल. आपलं नाही म्हणून सांगितलं तर ती त्या शाळेत बसेल कशी?"

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी प्रत्येक आईबापावर हा प्रसंग आज ना उद्या येणार आहे. सबब त्याचा विचार आज करू.

प्रथम एक जुनी हकीकत. सन १९०१ मध्ये बाबासाहेब नऊ वर्षांचे होते, म्हणजे त्या मुलीच्याच वयाचे. त्यांचे वडील सुभेदार रामजी हे खटाव तालुक्यात, दुष्काळी कामावरील तलावाच्या खोदाईत खजिनदार म्हणून नोकरीस होते. सुट्टीत मुलांनी आपल्याकडे यावे असे त्यांनी कळविले. मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. निरोप न पोचल्यामुळे त्यांना न्यावयास कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. मुलांचा पोषाख पाहून ती ब्राह्मणांची असावीत अशी त्यांची समजूत झाली होती. बाबासाहेबांनी सरळपणे सांगितले की आम्ही महार आहोत. मास्तरांचा चेहरा पालटला आणि ते निघून गेले. पुढे दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर, मुलांना एक बैलगाडी मिळाली. रात्री जकातनाक्यावर त्यांनी पाणी मागितले. गाडीवाल्याच्या सल्ल्यावरून बाबासाहेबांनी आपण मुसलमान आहोत असे सांगितले, तरीही पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी ही हकीकत आपल्या आत्मपर टिपणांत स्वतः लिहून ठेविली आहे.

ह्या हकीकतीत माझे लक्ष एका गोष्टीकडे जाते. स्टेशनमास्तर हा गावचा पाटील नव्हता, देवळाचा पुजारी नव्हता. तो रेल्वेचा नोकर होता. जकातनाक्यावरील मनुष्यही अधिकाराच्या जागी बसलेला होता. नऊ वर्षांच्या मुलाने खरे सांगितले ते अशा समजुतीने की गणवेषातल्या माणसाला खरे सांगावे. दुसऱ्या ठिकाणी, अवघ्या काही तासांनंतर, तोच मुलगा खोटे सांगावयास शिकला होता. मुलाची श्रद्धा किती वेळात मोडते याचे माप येथे मिळते.

माझ्या घरातली गोष्ट सांगतो. आमचे आजोबा वतनदार महार होते. सरकारी कामदाराचे ओझे वाहणे, सारा भरण्याची दवंडी देणे, प्रेताची वर्दी पोचविणे ही त्यांची 'सरकारी' कामे. १९५८ च्या कायद्याने, म्हणजे १ ऑगस्ट १९५९ पासून, ही कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायदा दुरुस्त करण्यासाठी बिल आणले होते, हे आपणास ठाऊक असेल. परंतु वतन गेल्यावरही आजोबा सरकार हा शब्द उच्चारताना हात जोडीत. त्यांच्या तोंडी तो 'मायबाप सरकार' असाच यावयाचा. हा भाव केवळ त्यांचा नव्हता. लष्करातील महारांची भरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्याकडे अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात गरज लागली तेव्हा १९१७ साली सरकारने महारांची एक पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ साली मोडून टाकली. अर्ज लिहिणारी ही माणसे भाबडी नव्हती. त्यांची योग्यता मोठी आहे. तथापि ज्यांच्या वतीने ते लिहीत होते त्या लाखो लोकांच्या मनात मायबाप रागावले आहेत, विनवणी केली म्हणजे पुन्हा जवळ घेतील, असाच भाव होता.

आमचे वडील पोस्टमन होते. त्यांचा खाकी पोषाख आणि चामड्याची पिशवी हे माझ्या बालपणाचे सर्वांत मोठे वैभव. ज्या ओसरीवर आमच्या घरातील कोणी पाय ठेवू शकत नव्हते त्या ओसरीवर वडिलांना "या, पोस्टमन" म्हणून बोलावीत, कारण पिशवीत मनिऑर्डर असे. मला वाटे, ही सरकारची शक्ती आहे. खाकी कपडा अंगावर आला की जात गळून पडते असा माझा पक्का समज होता. पाण्याचा तांब्या मात्र ओसरीच्या खालीच मिळे, ही गोष्ट माझ्या ध्यानात पुष्कळ उशिरा आली. मुलाचे डोळे जे पाहावयाचे तेच पाहतात.

१९९६ च्या १४ एप्रिलला आमच्या गावी मिरवणूक होती. वडिलांनी आठ दिवस आधी ठाण्यात जाऊन शिक्क्यानिशी लेखी परवानगी आणली होती. देवळासमोर काही लोकांनी मिरवणूक अडविली. वडील पुढे झाले आणि त्यांनी खिशातून तो कागद काढून दाखविला. त्यांना खरोखर वाटले की कागद पाहिल्यावर माणसे बाजूला होतील. कागद फाडण्यात आला, वडिलांना जातीवरून शिव्या देऊन चारचौघांत मारण्यात आले. मी पंधरा वर्षांचा होतो. रात्री ओठावर फडके धरून ते मला काय म्हणाले ते मला अक्षरशः आठवते. ते म्हणाले, "तू भिऊ नको. मला मारलं ते सोड. त्यांनी सरकारचा कागद फाडलाय. आता हे भांडण आपलं राहिलं नाही, सरकारचं झालं."

सरकारने ते भांडण आपले मानले नाही. फिर्याद तिसऱ्या दिवशी लिहून घेण्यात आली, तीही आधी आपसात मिटविण्याचा आग्रह झाल्यानंतर. तपास ठाण्यातील फौजदारांनी केला. खटला उभा राहावयास वर्षे लागली. ज्यांच्या दारी वडिलांनी वीस वर्षे टपाल पोचविले त्यांतील दोघे साक्षीदार होते. दोघेही पिंजऱ्यात उभे राहून फितूर झाले. २००२ साली सर्व आरोपी सुटले. त्यावेळी मी विधी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षात शिकत होतो. वडिलांनी मला निकालाची नक्कल वाचून दाखवावयास सांगितले. मारहाणीच्या आरोपात साक्षीदार उलटल्यामुळे संशयाचा फायदा दिलेला होता. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोपासंबंधी न्यायाधीशांनी लिहिले होते की, १९९५ च्या नियमांतील सातव्या नियमाप्रमाणे असा तपास पोलिस उपअधीक्षकाच्या दर्जाहून कमी दर्जाच्या अधिकाऱ्यास करता येत नाही. येथे तो फौजदाराने केला. सबब तो अवैध.

वडिलांनी विचारले, "हा नियम त्या फौजदाराला ठाऊक नव्हता?"

मी म्हणालो, "असायला पाहिजे होता."

"सरकारी वकिलाला?"

"त्यांनाही असायला पाहिजे होता."

मग त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, "आणि तुला?"

मला ठाऊक नव्हता. सहा वर्षे आम्ही तारखांना जात होतो. मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, पुढारी घरी येऊन गेले. तो नियम चार ओळींचा आहे. तो आमच्यापैकी एकानेही वाचला नव्हता. पहिल्या महिन्यात कोणी वाचला असता तर एका अर्जाने तपास योग्य अधिकाऱ्याकडे गेला असता. पोलिसांचा दोष मी कमी करीत नाही. त्यांनी नियम मोडला आणि त्याचा लाभ आरोपींना मिळाला. परंतु आमचा सरकारवर इतका विश्वास होता की सरकार काय करते आहे ते पाहण्याची गरजच आम्हास वाटली नाही. आई मुलाला भरवते तेव्हा मूल घास तपासून घेत नाही. आम्ही तसे बसलो होतो.

यानंतर पुष्कळांची श्रद्धा जी उडते ती कायमची. माझ्या बरोबरीचे आमच्या गावचे चारपाच तरुण त्या दिवसापासून कोर्टाची पायरी चढले नाहीत. मी त्यांना नावे ठेवीत नाही. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी गावी २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली, परंतु अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असे ठरविले. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने त्या फाशीच्या शिक्षा पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलल्या. चार माणसे मारली गेली हे न्यायालयास दिसले. ती कां मारली गेली हे दिसले नाही. अशा निकालानंतर एखाद्या तरुणाने तोंड फिरविले तर त्यास श्रद्धा ठेव असे कोणत्या तोंडाने सांगावे? मी सांगत नाही. श्रद्धा ठेवा असे मी आज कोणासच सांगावयास आलेलो नाही.

मी आपणास महाडची फाईल उघडून दाखवू इच्छितो. महाडचा संगर आपण दर वर्षी गातो, परंतु त्या संगराचा दावा कसा चालला ते फार थोड्यांना ठाऊक असते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे सरकारी कागद आपल्या बाजूने होता; माझ्या वडिलांच्या खिशात होता तसाच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर लोकांवर लाठ्या चालल्या. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. कागद फाडला गेला. १२ डिसेंबरला सनातन्यांनी दिवाणी कोर्टात दावा लावला, आणि दोनच दिवसांनी कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

२५ डिसेंबरला महाडात पुन्हा परिषद भरली. लोक सत्याग्रहाच्या तयारीने आले होते. तुरुंगात जावयास उभे होते. कल्पना करा, हातात मनाई हुकूम घेऊन त्या मंडपात उभे राहणे किती कठीण असेल. मनुस्मृतीचे दहन झाले, तळ्याभोवती मिरवणूक निघाली, परंतु तळ्यावर जाण्याचा बेत तहकूब ठेवण्यात आला. पुष्कळांना ते रुचले नाही. झगडा सनातन्यांशी आहे, तो सरकारशी आहे असे स्वरूप त्यास येऊ द्यावयाचे नाही, हा त्यामागील विचार होता. मनाई हुकूम पाळला म्हणून तो न्याय्य मानला असा त्याचा अर्थ नव्हे. त्याच कोर्टात जाऊन पुढे लढावयाचे होते. फेब्रुवारी १९२८ मध्ये तो हुकूम उठला. ८ जून १९३१ रोजी मूळ दाव्याचा निकाल आपल्या बाजूने झाला, सनातन्यांचे अपील १९३३ साली फेटाळले गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने तोच निकाल कायम केला. तळ्यावर पाणी प्याल्याला दहा वर्षे पुरी व्हावयास तीन दिवस कमी होते.

हायकोर्टाचा तो निकाल मी अनेकदा वाचला आहे. त्यात समतेवर प्रवचन नाही. अस्पृश्यता पाप आहे असे तेथे कोणी म्हटलेले नाही. तळे नगरपालिकेचे आहे, आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे असे वादींना पुराव्याने सिद्ध करता आले नाही, एवढेच तेथे आहे. निकाल पुराव्यावर गेला. आता विचारा, बाबासाहेबांची ब्रिटिश कोर्टावर श्रद्धा होती काय? मसूर स्टेशनावर जी गेली ती पुन्हा कोठून येणार? बडोद्याच्या सरकारी नोकरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून टाकीत. तेथे शहरात राहावयास जागा मिळाली नाही. सरकारी दार आतून कसे असते हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक होते? तरीही ते त्या दाराशी दहा वर्षे, प्रत्येक तारखेचा हिशेब ठेवून, उभे राहिले. ज्यास विश्वास नाही तो एवढा काळ उभा राहू शकत नाही असे आपण समजतो. ती समजूत चुकीची आहे. विश्वासून बसलेला मनुष्य दुसऱ्या तारखेस घरी राहतो. लक्ष ठेवणारा शेवटच्या तारखेपर्यंत जातो.

भगवान बुद्धांनी केसपुत्त गावच्या कालामांना सांगितले की ऐकीव म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा थोर आहे म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. हा उपदेश आपण देवाधर्मास लावतो आणि तहसील कचेरीच्या दाराशी विसरतो. आपण ग्रामदैवत सोडले आणि साहेबास त्या जागी बसविले, असे कित्येक घरांत मी पाहिले आहे.

आता मी आपल्या सर्वांना अडचणीचा असा एक मुद्दा घेतो, कारण शाळेच्या त्या रकान्याशी त्याचा संबंध आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लक्षावधी लोकांनी दीक्षा घेतली. त्यावेळी अनुसूचित जातींचा १० ऑगस्ट १९५० चा आदेश अमलात होता. त्याप्रमाणे हिंदू, आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतर शीख, याखेरीज अन्य धर्म मानणाऱ्यास अनुसूचित जातीचा समजता येत नव्हते. म्हणजे जो बौद्ध झाला त्याच्या केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून आपल्या अधिकारातील सवलती बौद्धांना दिल्या. परंतु केंद्राचा कायदा १९९० साली बदलला. चौतीस वर्षे! दीक्षाभूमीवर आईच्या कडेवर असलेले मूल तोपर्यंत संसारी माणूस झाले होते.

त्या काळातील पंजाबराव विरुद्ध मेश्राम हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६५ साली छापून आलेला निकाल वकिलांना परिचित आहे. १९६२ च्या निवडणुकीत राखीव जागेवरून निवडून आलेले मेश्राम हे बौद्ध झाले होते काय, असा वाद होता. न्यायालयाने म्हटले की, धर्म मानणे म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे. आणि मेश्राम यांनी तो तसा जाहीर केला आहे. जागा गेली. मला हा निकाल वाचताना नेहमी दोन भावना होतात. एक माणूस आपली जागा गमावतो याचे दुःख होते. दुसऱ्या बाजूने, आपले धर्मांतर पोकळ आहे, ते केवळ राजकारण आहे असे म्हणणाऱ्यांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेच उत्तर दिले की, उघड सांगितले म्हणजे धर्मांतर झाले. ज्या हाताने घेतले त्याच हाताने ओळखही दिली. संस्था अशा असतात. त्यांना आई म्हणता येत नाही आणि वैरीही म्हणता येत नाही.

या चौतीस वर्षांचा एक परिणाम आजही घरोघर आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी स्वाभिमानाने शाळेच्या दाखल्यातील जातीच्या रकान्यातही 'बौद्ध' असेच लिहविले, कोणी तो कोरा ठेवला. त्यांचे चुकले असे म्हणण्याचे धैर्य मजजवळ नाही. जी ओळख टाकून दिली ती पुन्हा कागदावर कां लिहावी? परंतु कायदा आज नातवाकडे पुरावा मागतो की १० ऑगस्ट १९५० पूर्वी तुझ्या घराण्याची जात कोणती लिहिलेली होती. नातू पणजोबांच्या शाळेची, जन्ममृत्यूच्या नोंदीची, कोतवाल बुकाची पाने शोधीत कचेऱ्या फिरतो. जातीमुळे झालेल्या अन्यायाची दाद मागण्यास जात सिद्ध करावी लागते, ही कायद्याची रचना मला रुचत नाही. ती आहे मात्र तशी. म्हणून नवदीक्षित कुटुंबांना माझे सांगणे आहे की धर्माच्या रकान्यात अभिमानाने 'बौद्ध' लिहा, राजपत्रात धर्मांतर प्रसिद्ध करा, आणि पूर्वीच्या जातीचा जुना पुरावा जाळू नका, फाडू नका. तो पत्र्याच्या पेटीत ठेवा. तुमचे मन त्यातून बाहेर आले आहे. कागद पेटीत राहिल्याने ते परत आत जात नाही. दीक्षा घेतल्याने अनुसूचित जातीचे संरक्षण जाते अशी भीती काही गावांत मुद्दाम पसरविली जाते. १९९० पासून ती भीती निराधार आहे, आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही बौद्धांस मिळते.

वडिलांच्या निकालानंतर मी केलेली एक गोष्ट एवढीच की तो कायदा आणि नियम यांची पाने फाटेपर्यंत वाचली. त्यातून जे हाती आले त्यातील थोडे आपल्या उपयोगासाठी सांगतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये स्पष्ट केले. नोंदीची नक्कल फिर्यादीस विनामूल्य द्यावी लागते. ठाण्यात नकार मिळाला तर तीच हकीकत लिहून टपालाने जिल्हा पोलिस अधीक्षकांकडे पाठविता येते. पोस्टमनच्या मुलाने हे सांगणे योग्यच, पोचपावती जपून ठेवा. तपास कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे ते पहिल्या आठवड्यात लेखी विचारा. फिर्यादीच्या जातीचा दाखला तपासाच्या कागदांत जोडला आहे की नाही ते पाहा. तो नसल्यामुळे खटले पडतात. साठ दिवसांत आरोपपत्र दाखल व्हावे असा नियम आहे, ते दिवस भिंतीवरील पंचांगावर मोजा. आणि अनुसूचित जाती वा जमातीचा नसलेला लोकसेवक जाणूनबुजून कर्तव्य टाळील तर त्यालाच शिक्षा सांगणारे चौथे कलम त्या कायद्यात आहे. अर्जात त्याचा उल्लेख केला म्हणजे उत्तराची भाषा पुष्कळदा बदलते, हा माझा अनुभव.

संस्था चुकते तेव्हा ती सुधारताही येते याचे अलीकडील उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडले. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली अटकेपूर्वी मंजुरी आणि गुन्हा नोंदण्यापूर्वी प्राथमिक चौकशी आवश्यक ठरविली. २ एप्रिलला देशभर बंद झाला, त्यात अनेकांचे प्राण गेले. ऑगस्टमध्ये संसदेने कायद्यात नवे कलम घातले, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयाने आपले ते निर्देश परत घेतले. हे घडले ते निकाल वाचणारी माणसे आपल्यात होती म्हणून, आणि रस्त्यावर उतरणारीही होती म्हणून. दोहोंपैकी एक नसते तर काय झाले असते याचा अंदाज प्रत्येकाने करावा.

वडिलांसंबंधी एक सांगावयाचे राहिले. निकालानंतर त्यांनी खटल्याविषयी बोलणे सोडले. मला वाटले, त्यांचेही मन उठले. निवृत्तीनंतर मात्र ते वाड्यावस्त्यांवरील बायांना अर्ज लिहून देऊ लागले. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करावयाच्या, दुसरीवर कचेरीचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठावयाचे नाही, असा त्यांचा दंडक असे. कोणी म्हणे, साहेब सज्जन आहेत, शिक्का कशाला? ते म्हणत, "सज्जन असतील तर शिक्का मारायला त्यांना काय जड आहे?" फाटलेल्या परवानगीचे तुकडे त्यांनी एका जाड कागदावर चिकटवून ठेवले होते. ते आजही माझ्या कचेरीतल्या कपाटात आहेत.

त्या भगिनीच्या प्रश्नाकडे आता येतो. मुलीस मी असे सांगेन की शाळा तुझी आहे, कारण ती तुझ्याही आईबापांच्या करातून चालते. सरही सरकारचे आहेत, आणि म्हणूनच त्यांना आपल्याला उत्तर देणे भाग आहे. ते चांगले आहेत की वाईट हे आपण आज ठरविणार नाही. ते काय लिहून देतात ते पाहू. नऊ वर्षांच्या मुलीस हे कळेल काय, असे कोणी म्हणेल. तिने जो प्रश्न विचारला तो माझ्यासारख्या वकिलास कळावयास एकवीस वर्षे लागली. तिच्या बुद्धीविषयी मला चिंता नाही.

येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी त्या मायलेकींबरोबर शाळेत जात आहे. राजपत्राची प्रत, दीक्षेचे प्रमाणपत्र आणि शिक्षण खात्याच्या मंजुरीसाठी मुख्याध्यापकांमार्फत करावयाचा अर्ज, सर्वांच्या दोन दोन प्रती तयार आहेत. अर्ज स्वीकारला गेला तर पोच घेऊ. नाकारला गेला तर नकाराचे कारण लेखी मागू, आणि तेही मिळाले नाही तर त्याच दिवशी तोच अर्ज टपालाने शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाईल. मुलगी बरोबर येणार आहे, यावेळी दाराशी नव्हे, आईच्या शेजारी खुर्चीवर बसणार आहे. ज्यांच्या मुलांच्या नोंदी अशाच अडल्या आहेत त्यांनी आपापले कागद घेऊन साडेदहा वाजता विहारात जमावे. अर्जाचा नमुना आज जाताना दाराशी मिळेल. तो घरी नेऊन आधी स्वतः वाचावा, आणि जे कळणार नाही ते सोमवारी मला विचारावे.

जय भीम.